पाच भांडी आणि दहा वॉट

आमच्या चांदे गावच्या घरामागे गोठा आहे. शेवटची म्हैस विकल्यावर आईने तो झाडून-सारवून घेतला आणि वर्षभर त्यात काही ठेवलं नाही, जणू म्हैस नव्या मालकाला कंटाळून परतच येणार होती. म्हैस आली नाही, माझं मशीन आलं. गव्हाणीवर जाड फळी टाकून मी ते बसवलं. घरगुती हौशीचं सीएनसी मशीन, टेबलावर मावेल एवढं: ॲल्युमिनियमच्या चार पट्ट्या, तीन मोटारी आणि मधोमध गरगर फिरणारं एक कटर. कॉम्प्युटरवर चित्र द्यायचं आणि मशीनने ते लाकडावर कोरायचं, एवढाच त्याचा संसार. आई त्याला 'तुजी म्हस' म्हणते आणि दूध देत नाही म्हणून टोमणे मारते.

मी पिरंगुटच्या एका कारखान्यात साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या टूलरूममध्ये काम करते. तिथलं मशीन आमच्या घरापेक्षा महाग आहे आणि माझ्यापेक्षा लाडात आहे. त्याला एसी आहे, मला पंखा. दिवसभर मशीन चालवून आलेली बाई संध्याकाळी घरी पुन्हा मशीनच चालवते म्हणजे तिच्या डोक्यात काहीतरी कमी आहे, असं गावाचं फार आधीपासूनचं मत आहे. मी लग्न केलं नाही, पन्नाशी जवळ आली, त्यामुळे त्या मताला पुरावाही आयता मिळाला. मी गावाच्या मताचा आदर करते आणि दरवाजा लावून घेते.

तर माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्याकडे नवरीला आजोळकडून पाच भांडी जातात. ताट, वाटी, तांब्या, पेला, पातेलं. ती मामा देतो आणि त्यांच्यावर मामाचं नाव घातलेलं असतं. आता आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. म्हणजे नवरीला मामा नाही. आजोबा, म्हणजे आमचे वडील, सहा वर्षांपूर्वी गेले. आजोळ म्हणून उरलो मी, आई आणि गोठ्यातली माझी म्हैस.

ही अडचण सोडवायला माझा चुलतभाऊ आला. तो भूगावला प्लॉट विकतो. तिथे आता विकायला रस्त्याचा दुभाजक तेवढा उरला असेल असं मला वाटतं, तरी तो विकतो. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. माणूस वाईट नाही, फक्त माईकशिवाय बोलतानाही माईकवर असल्यासारखा बोलतो.

"काकी," तो म्हणाला, "मामा म्हनून लग्नात मीच हुभा ऱ्हानार हाय. मंग भांड्यावं नाव बी माजंच टाका. काकांचं टाकलं तर म्होरं कैलासवासी लावावं लागंल, आन लग्नात त्ये बरं दिसत न्हाई."

"आईचं टाकलं तर?" मी विचारलं.

तो हसला. "काय बी तुजं, ताई. बायामानसाचं नाव कोन टाकतं भांड्यावं? आन त्यात काकी म्हंजी..."

पुढचं वाक्य त्याने चहाबरोबर गिळलं. विधवा हा शब्द आमच्याकडे नेहमी असाच सभ्यपणे गिळला जातो. गिळला तरी ऐकू येतो. आईने ऐकला. ती बशी उचलून आत गेली. माझ्या डोक्यात सणक गेली होती, पण तोही आत्मीयतेने आला होता आणि चिवडा चांगला झाला होता, म्हणून मी गप्प बसले.

तो गेल्यावर आई मागच्या मोरीवर भांडी घासत बसली. रागात असली की ती भांडी घासते. त्या दिवशी स्वच्छ भांडीसुद्धा घासायला काढली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "भात मी लावला, मी कापला, मी झोडला. तांदूळ इकून भांडी म्या घ्यायची. आन नाव त्याचं व्हय गं?"

मी मोरीवर ठेवलेल्या भांड्यांकडे बघितलं. तांब्यावर आत्याच्या नवऱ्याचं नाव. परातीवर माझ्या आजोबांचं. दुधाच्या पातेल्यावर एका पतसंस्थेच्या माजी अध्यक्षांचं, ज्यांना आम्ही कुणी कधी बघितलेलं नाही. उरलेल्या सगळ्यांवर बाबांचं. ज्या बाईने ही भांडी पन्नासेक वर्षं घासली तिचं नाव एका चमच्यावर नव्हतं. हे मी रोज बघत होते आणि मला कधी दिसलं नव्हतं, ह्याची मला तिथल्या तिथे लाज वाटली.

"तुझं नाव टाकते," मी म्हटलं.

आईचा हात थांबला. "टाकशील?"

"टाकते."

"पन दुकानात न्हाई हां. पौडच्या दुकानात चार मान्सं असत्यात. म्या कसं सांगू तितं, माजं नाव टाका म्हनून? हितंच टाक. तुज्या म्हशीकडनं."

मी हो म्हटलं आणि मला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. कारण मला कधीपासून मोठा लेझर घ्यायचा होता.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. स्टीलच्या भांड्यावर नाव घालायला लेझर लागतच नाही. माझ्याच मशीनमध्ये कटरच्या जागी स्प्रिंगवर बसवलेली हिऱ्याची टोकदार काडी लावली की ती स्टीलवर ओरखडत छान नाव काढते. टूलरूममध्ये कामाला लागलेल्या माणसाला हे पहिल्या महिन्यात कळतं. माझ्याकडे ती काडी होती. पत्र्याच्या डबीत, कापसात गुंडाळलेली. ती डबी मी कपाटात मागे सारली आणि आईला सांगितलं की ह्या कामाला फार शक्तिमान लेझर घ्यावा लागणार. आईच्या न्यायाच्या लढाईत मी माझी हौस बिनदिक्कत घुसवली.

मशीनबरोबर आलेला जुना लेझर काडेपेटीएवढा होता, अर्ध्या वॉटचा. लाकडावर तपकिरी अक्षरं उमटवण्याइतका जीव होता त्याच्यात, तोही सकाळी सकाळी. आईची खात्री पटावी म्हणून मी तो तिच्यासमोर एका जुन्या ताटावर चालवला. अर्धा तास निळा ठिपका इकडून तिकडे फिरला. शेवटी ताट जरा कोमट झालं. आईने हात लावून बघितलं आणि विचारलं, "आता भाकर टाकू का ह्याच्यावं?"

मग खरेदी. लेझरच्या जाहिराती लिहिणाऱ्या माणसांना मला काही सांगायचं आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. खोक्यावर चाळीस वॉट लिहितात, ऐंशी लिहितात. तो आकडा लेझर वीज किती खातो त्याचा. उजेड म्हणून बाहेर किती पडतं ते खाली बारीक अक्षरात, तेही लिहिलं तर: पाच. ताटात किती वाढलं ते सांगायचं आणि अंगाला किती लागलं ते झाकायचं. मी पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत बारीक अक्षरं वाचली. कारखान्यातल्या पोरींना वाटलं मी स्थळं बघतेय. त्यांना मी तसं वाटू दिलं, कारण लेझर बघतेय म्हटलं असतं तर जास्त काळजी वाटली असती.

खरे पाच वॉट घेतले तर स्टीलवर फिकट डाग पडतो. खरे वीस घेतले तर सुरेख काळं उमटतं, पण वीसवाल्यात उजेड पाडणारे चार डायोड एकत्र कोंबलेले असतात, वर तापू नये म्हणून ॲल्युमिनियमचा भलामोठा ठोकळा आणि त्यावर पंखा. तेवढं वजन माझ्या मशीनच्या उभ्या पट्टीवर टांगलं असतं तर ती लाजून वाकली असती, आणि पट्टी केसभर जरी हलली तरी अक्षर दुहेरी दिसतं. दहा वॉटचा दोन डायोडवाला निम्म्या वजनाचा होता. स्टील काळं करतो, जरा हळू करतो. हळूचं मला काही नव्हतं. नवरी पळून जाणार नव्हती, माझ्या माहितीप्रमाणे तरी.

दहा वॉटचा लेझर आला. जुन्या पट्टीची भोकं त्याला जुळेनात, म्हणून कारखान्यात साहेबांना विचारून भंगारातला एक ॲल्युमिनियमचा तुकडा घेतला आणि सुट्टीच्या वेळात मोठ्या मशीनवर त्याला नवी भोकं पाडली. माझ्या खेळण्याचा सांधा लाडाच्या मशीनने करून दिला, त्यामुळे तो गोठ्यातला सगळ्यात अचूक भाग आहे.

मशीन चालवणाऱ्या सर्किट बोर्डाला एवढ्या मोठ्या लेझरला वीज पुरवणं झेपत नाही. म्हणून लेझरला वेगळा सप्लाय द्यायचा; बोर्डाकडून फक्त एक बारीक तार, कधी पेटायचं आणि किती पेटायचं एवढं सांगणारी. आईला मी हे समजावलं: खायला घालणारा वेगळा, हुकूम सोडणारा वेगळा.

"मंग त्यात काय नवं हाय?" आई म्हणाली.

एवढं करून मी बटण दाबलं आणि लेझर पेटेना. तीन संध्याकाळी मी त्या लेझरला, तो बनवणाऱ्यांना आणि ज्याने तो खोक्यात भरला त्याला पुणे जिल्ह्यात चालतात तेवढ्या सगळ्या शिव्या दिल्या. चौथ्या दिवशी कारखान्यात एका सर्किटकडे बघताना आठवलं की दोन सप्लाय असले तर दोन्हींची निगेटिव्ह तार एकमेकींना जोडावी लागते, नाहीतर एकाचा हुकूम दुसऱ्याला कळत नाही. मी ती जोडली नव्हती. जोडली, आणि लेझर पेटला. शिव्या मी परत घेतल्या नाहीत, पुढेमागे उपयोगी पडतील म्हणून शिल्लक ठेवल्या.

लेझरबरोबर फुकट एक हिरवा चष्मा आला होता. फुकट मिळालेल्या चष्म्यावर डोळे सोपवण्याइतकी मी गावाला वाटते तेवढी वेडी नाही. निळ्या लेझरचा उजेड अडवणारे नारिंगी काचांचे दोन चांगले चष्मे आणले, एक आईला. मशीनभोवती प्लायवूडचा खोका केला, धूर बाहेर काढायला पंखा बसवला, आणि लेझरच्या टोकाशी वारा सोडायला माशांच्या टाकीचा पंप. नारिंगी चष्मा लावून लुगड्यातली माझी आई गोठ्याच्या उंबऱ्यावर बसायची आणि खोक्याच्या फटीतून बघायची. तिथून हिंजवडीकडचे टॉवर दिसतात. त्यांच्यातल्या कुणी बाल्कनीतून दुर्बिणीने खाली बघितलं असतं तर नोकरी सोडून गावाला गेलं असतं.

एका जुन्या झाकणावर मी चौकोनांच्या ओळी मारल्या, प्रत्येक चौकोन वेगळ्या वेगाने. वेगात गेलं की पिवळट, हळू गेलं की निळसर, आणखी हळू, पुऱ्या ताकदीने, रेघेला रेघ चिकटवून गेलं की काळं. तो काळा चौकोन बघून मला जो आनंद झाला तो मी कुणाला सांगितला नाही, कारण सांगण्यासारखं कुणी नव्हतं. आईने झाकण उलटसुलट केलं आणि म्हणाली, "झाकनाचं वाटुळं केलंस. पन काळं झालंय खरं."

भांडी आणायला आम्ही पौडच्या बाजारपेठेत गेलो. तिथले भांडीवाले चाचा माझ्या जन्माआधीपासून दुकानात बसतात. आईच्या मनात पितळेची भांडी होती, पण पितळ निळ्या लेझरला दाद देत नाही, उजेड परत फेकतं, म्हणून मी स्टीलवर अडून बसले. आईने एकेक भांडं नखाने वाजवून घेतलं. चाचांनी नाव घालायचं थरथरतं पेन काढलं, ज्याचा आवाज दाढीच्या मशीनसारखा येतो, आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "नाव कुनाचं टाकू?"

दुकानात खरंच चार माणसं होती. आईने पदर सारखा केला. "घरी टाकतो आमी," ती म्हणाली.

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पेन बंद केलं. त्यांचा अपमान झाला असावा.

लग्नाला दहा दिवस असताना एका रविवारी दुपारी मी कामाला बसले. माझी एक शिस्त आहे. कारखान्यात हातात ड्रॉइंग असल्याशिवाय मी मशीनला हात लावत नाही. नावाच्या कामाचं ड्रॉइंग म्हणजे आधार कार्ड. आईच्या पिशवीतून मी तिचं कार्ड काढलं आणि वेलांटी न् वेलांटी तपासून नाव टाइप केलं: तिचं नाव, मधे बाबांचं नाव, मागे आडनाव. मधे बाबा कशाला, असं एकदा मनात आलं. पण ड्रॉइंग ते ड्रॉइंग.

ताट झालं. वाटीवर एवढं लांब नाव बसेना. वाटी गोल, लेझरचं टोक ठरावीक अंतरावरच नीट जाळतं, त्यामुळे मधे बाबा ठळक काळे आले आणि दोन्ही टोकांना आई आणि आडनाव फिकट झाले. मी स्वतःशी म्हटलं, चालेल. तांब्या लाकडाच्या घोडीवर आडवा बसवला, लेझर निम्म्यावर गेला आणि वीज गेली. आमच्या तालुक्यातलं धरण अख्ख्या मुंबईला वीज पुरवतं आणि आमच्याकडे रविवारी दुपारी पंखे थांबतात, हे मला शाळेत भूगोल म्हणून शिकवलं होतं. पुढे मी ते गुपचूप सहन करायला शिकले.

पंप बंद झाल्याचं ऐकून आई आत आली. दार उघडलं, उजेड पडला, आणि तिने फळीवरचं ताट उचललं. आई चौथी शिकलेली. वाचते सावकाश, पण वाचते. तिने काठावरून बोट फिरवत नाव शेवटपर्यंत वाचलं. मी शाबासकीची वाट बघत उभी.

"ह्ये कुनाचं?" ती म्हणाली.

"कुणाचं म्हणजे? तुझं!"

"माजं न्हाई. ह्ये तुज्या बापानं लिव्हल्यालं."

मला काही कळेना. तिने ताट मांडीवर घेतलं आणि गव्हाणीच्या कडेला बसली. "लग्नात ताटात तांदूळ पसरलं हुतं. तुज्या बापानं अंगठीनं त्यात नाव लिव्हलं. समद्यांनी टाळ्या वाजीवल्या. मला वाचाया येत हुतं न्हवं? म्या वाचलं, तवा मला कळालं का आता आपुन ही. मंग सासूनं त्येच तांदूळ गोळा करून दुसऱ्या दिवशी शिजीवलं."

"आणि तुझं नाव?"

तिने सांगितलं. मावशी तिला त्या नावाने हाक मारायची. मला ते आयुष्यभर लाडाचं टोपणनाव वाटत आलं होतं, बबडी-छकुलीसारखं. ते तिचं नाव होतं. "शाळंच्या हजेरीत हुतं," ती म्हणाली. "चौथीपतुर रोज मास्तर घ्यायचं. मागनं आमच्या बापानं दाखला बी आनला न्हाई शाळंतनं."

लग्नात बाईचं नाव बदलतात हे काय मला माहीत नव्हतं? माझ्या मैत्रिणींची बदलली, बहिणीचं बदललं. माझं तेवढं राहिलं, कारण बदलायला कुणी आलं नाही. पण आईचंही कधी दुसरं काही नाव असेल असं मला उभ्या जन्मात वाटलं नव्हतं. ती जन्मली तीच आई म्हणून, अशी काहीतरी माझी समजूत असावी. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी तिच्यावरच ओरडले.

"मग आधी सांगायचं ना! दोन महिने बघतेयस!"

"तू इचारलंस व्हय?"

मी विचारलं नव्हतं. कार्डाला विचारलं होतं.

"मला त्येच पायजे," आई म्हणाली. "निस्तं. फुडं-मागं कुनाचं काय नगं."

"अगं पण ते नाव कुणाला माहीतच नाही. वाचणाऱ्याला कसं कळणार कुणी दिलं?"

"मला कळंल की."

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर तीन बिघडवलेली भांडी घेऊन मी चाचांकडे गेले. त्यांनी ताट उजेडात धरलं, काळ्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"दिसतंय झ्याक," ते म्हणाले. "पन हाताला लागत न्हाई. नाव असं पायजे का आंधारात बोटानं वाचता आलं पायजे. न्हाईतर त्यो डाग."

त्यांनी पॉलिशचं चाक सुरू केलं आणि माझे दहा वॉट, दोन डायोड, भंगारातली पट्टी आणि तीन संध्याकाळच्या शिव्या दीड मिनिटात पुसून टाकल्या. ताट नव्यापेक्षा चकचकीत झालं. पुसताना म्हणाले, "लाजू नका, ताई. आता नाव टाकायला कमी आन काढायला जास्ती लोक येत्यात. वाटन्या झाल्या, सोडचिठ्ठ्या झाल्या का भांडी घिऊन हितंच." मग जरा थांबून विचारलं, "मंग आता खरं नाव कुनाचं टाकनार?"

मी सांगितलं. दुकानात त्या वेळी कुणी नव्हतं, पण असतं तरी सांगितलं असतं. चाचांनी मान हलवली. "बारकं नाव हाय. चांगलं बसंल."

खरंच बसलं. तीन अक्षरांचं नाव, वाटीवरसुद्धा दोन्ही टोकांना सारखं काळं. वीज गेली नाही. लेझरचं काम झाल्यावर मी कपाटातून ती पत्र्याची डबी काढली, लेझरच्या जागी हिऱ्याची काडी बसवली आणि त्याच रेघांवरून पुन्हा एकदा फिरवली, बोटाला लागेपर्यंत. आईने विचारलं, ही काडी कुठली? मी म्हटलं, होती. तिने माझ्याकडे बघितलं, डबीकडे बघितलं, दहा वॉटच्या लेझरकडे बघितलं. पाच जन्म पुरतील एवढं सगळं तिला त्या एका नजरेत कळलं, असं मला वाटतं. पण तिने मला सोडून दिलं. डोळे मिटून पेल्यावरून बोट फिरवत राहिली.

लग्न भूगावच्या एका लॉनवर होतं. चुलतभाऊ मामा म्हणून उभा राहिला, फेटा बांधून, आणि नंतर माईक घेऊनही तोच उभा राहिला. आजी सरपंच, माजी सरपंच, भावी सरपंच, सगळ्यांचं स्वागत झालं. वराकडच्या एका काकांचं दोनदा झालं, कारण त्यांना प्लॉट बघायचा होता. मग आहेर सुरू झाले आणि आमची पाच भांडी टेबलावर आली. आईने त्याला एवढंच सांगितलं होतं, "नाव टाकलंय." त्याने अर्थातच पुढचं विचारलं नव्हतं. आमच्या घराण्यात कुणी विचारत नाही.

"आन आता आजोळकडनं पाच भांडी!" तो माईकमध्ये गरजला. "ज्यांनी ही भांडी दिली त्यांचं नाव मी सौताच्या तोंडानं काय सांगू? भांड्यावं हाय, वाचून दावतो." लाजत लाजत त्याने ताट उचललं, फेटा मागे सारला आणि आधी मनातल्या मनात वाचलं. आई माझ्या शेजारी दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने माझं मनगट धरलं. मला वाटलं, हे आपण उगाच केलं, आता सगळ्यांसमोर सत्तरी उलटलेल्या बाईचं हसं होणार.

त्याने ताट सोडून तांब्या बघितला. पेला बघितला. पातेल्याचा काठ बघितला. पाचही ठिकाणी तेच.

मग त्याने ते नाव माईकमध्ये घेतलं. नुसतं, पुढेमागे काही नसलेलं. आणि मान वर करून मांडवभर बघत विचारलं, "कोन हाय ही? हाय का हितं?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आईने माझं मनगट सोडलं. खुर्चीच्या हातांवर भार देऊन ती उठली, ताठ उभी राहिली, आणि उजवा हात खांद्याच्या वर नेला.

"हजर," ती म्हणाली.

दोनचार जण हसले. भाऊ एवढा गोंधळला की माईकमध्येच म्हणाला, "बसा काकी, बसा."

ती बसली नाही.